धारोष्ण दूध आणि धरलेली कंबर

सिन्नर-निफाडकडच्या गोठ्यांत अजून ऐकू येतं: ‘धारोष्ण दूध प्या, कंबर-गुडघे ठणठणीत राहतात.’ हे खरं नाही. जनावराला लागण असेल तर त्याच कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस हा जनावरांकडून माणसाला लागणारा आजार होतो, आणि त्याचा जंतू बऱ्याचदा सांध्यांतच घर करतो. कमरेखाली जिथे मणका खुब्याच्या हाडाला जुळतो तो सांधा, खुबा, गुडघा, वयस्कांत मणकेही. अंग मोडून येतं, ताप येत-जात राहतो, रात्री अंथरूण भिजेल इतका घाम. मग ‘वात आहे’ म्हणत तेल चोळण्यात महिने जातात, याचं फार वाईट वाटतं.

दूध हा एकच रस्ता नाही. गाभडलेल्या गाईची वार उघड्या हाताने ओढली आणि हाताला साधं खरचटलेलं असलं, तरी पुरतं. हातमोजे घालाच. नीट उकळलेल्या दुधाला, चहाला मात्र घाबरू नका.

ताप-कंबरदुखी लांबली तर डॉक्टरांना घरच्या जनावरांबद्दल आवर्जून सांगा. रक्ततपासणी करता येते. उपचार म्हणजे सहसा डॉक्सीसायक्लिन आणि जोडीला दुसरं प्रतिजैविक, किमान ६ आठवडे. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडलं तर दुखणं उलटतं. आणि कालवडींना ४ ते ८ महिन्यांच्या वयात लस टोचून घ्या.