‘शिनवारवाडा’ का वाचला जातो?

पुण्यात पीएमपीच्या बसमध्ये पुढच्या सीटवरच्या एका चिमुरडीनं पाटी वाचली, ‘शिनवारवाडा’. आईनं तिथल्या तिथे दुरुस्त केलं, ‘शनिवारवाडा गं!’ मला मात्र ती चूक फार आवडली. डावीकडून वाचत जाणाऱ्या डोळ्याला ‘श’नंतर आधी पहिली वेलांटी भेटते, ‘न’ मागून येतो. तोंडाला मात्र आधी ‘न’ म्हणायचा आणि मग ‘इ’. पोरीनं समोर आलेली वेलांटी सरळ ‘श’ला देऊन टाकली!

ज्योत्स्ना वैद आणि अशुम गुप्ता यांनी हिंदी वाचकांवर केलेला अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. या वेलांटीचे शब्द उच्चारायला वाचकांना जास्त वेळ लागतो, असं त्यात दिसलं. म्हणजे दोष पोरीचा नाही, लिपीची घडणच तशी आहे. अशा अडचणी आणखीही आहेत. ‘बदक’मधला ‘क’ लिहिताना पूर्ण, बोलताना पाय मोडलेला. ‘चार गुरं’ आणि ‘गुरं चार’ यांत अक्षरं तीच, पण दोन्ही ‘च’ वेगळे. हे नियम मोठ्यांनाही सांगता येत नाहीत, फक्त पाळता येतात.

आता वर्गात या. शिक्षकांसाठीच्या काही मार्गदर्शिकांमध्ये वाक्यन् वाक्य छापलेलं असतं : आता हे म्हणा, आता मुलांकडून ते म्हणवून घ्या. याची टिंगल करणं सोपं आहे, पण नव्या शिक्षकाला अशा पुस्तकाचा खरंच आधार असतो. बेंजामिन पायपर आणि सहकाऱ्यांनी १३ देशांतले १९ प्रकल्प तपासले. त्यांचा अभ्यास २०१८ साली आला. मार्गदर्शिकांमुळे मुलं जास्त शिकतात, हे त्यातून दिसलंच, पण शब्दन् शब्द बांधून देणाऱ्या मार्गदर्शिका काहीशा कमी परिणामकारक ठरल्या. शिक्षकही पाठ स्वतःच्या सोयीनं थोडाफार बदलून घेत होते.

पाठ बदलायचं स्वातंत्र्य म्हणजे वेलांटी शिकवणं ऐच्छिक, असं कुणी समजू नये. अक्षर आणि आवाज यांची सांगड क्रमानं, नेमानं घालून द्यावीच लागते. ‘गमभन’ हा क्रम तरी कुठून आला? सारख्या वळणाची अक्षरं एकत्र घेतली की हाताला आणि डोळ्याला सोपं जातं म्हणूनच. पुस्तकाला कळत नाही ते एवढंच, की आज समोरचं मूल नेमकं कुठे अडलंय. १९६७ साली पुण्यात सुरू झालेल्या बालभारतीचं पुस्तक साऱ्या महाराष्ट्रात जातं, पण पुण्यातल्याच कात्रजच्या एखाद्या वर्गात घरी कन्नड बोलणारं मूलही बसलेलं असतं.

त्या पोरीला ‘नि’ कार्डावर लिहून आधी ‘न’वर, मग वेलांटीवर बोट ठेवायला लावलं तर बहुधा भागेल. शेजारच्या पोरानं ‘शनवार’ वाचलं तर? त्याची वेलांटी सुटलेली नसेलही, घरी आजीच तसं म्हणत असेल. त्याला बाईंनी कार्ड दाखवू नये. ‘तुमच्याकडे काय म्हणतात रे?’ असं आधी विचारावं.