तपासणीत पास झालेली संस्था आणि राहायला चांगली संस्था

दिव्यांगांच्या निवासी संस्थेची तपासणी झाली आणि चांगला शेरा मिळाला, की नातेवाईक निर्धास्त होतात. पण नियमपालन वेगळं आणि काळजीचा दर्जा वेगळा. तपासणीत बहुतेक वेळा मोजलं जातं ते नियमपालनच.

नियमपालन कागदावर दिसतं. आग विझवण्याची साधनं मुदतीतली आहेत का, औषधांच्या रजिस्टरवर सह्या आहेत का, कर्मचारी पुरेसे आहेत का. हे क्षुल्लक मुळीच नाही, चुकीची गोळी जीवावर बेतू शकते. आरोग्यसेवेच्या दर्जाचे अभ्यासक डॉ. आवेदिस डोनाबेदियन यांनी 1966 मध्ये उपचारांचा दर्जा जोखायच्या तीन बाजू मांडल्या: रचना (साधनं, कर्मचारी), प्रक्रिया (काळजी कशी दिली जाते) आणि परिणाम (त्या माणसाला काय फरक पडला). तपासनीस पहिलीत रमतात, दुसरीचं दप्तर चाळतात आणि तिसरीपर्यंत पोचेतो दिवस संपतो.

दर्जा दिसतो जेवणाच्या टेबलावर. फाइलीत लिहिलेलं असतं, 'रहिवाशाची आवड विचारली.' प्रत्यक्षात पहिला घास गिळायच्या आत दुसरा चमचा ओठांशी आलेला असतो, भरवणारीची नजर भलतीकडेच. मान फिरवणं हाच त्या माणसाचा 'नको' आहे, हे कोणाच्या ध्यानीमनीही नसतं. नियम मात्र एकही मोडलेला नाही.

म्हणून ज्यांना बोलता येत नाही त्यांच्या बाबतीत निरीक्षणाला पर्याय नाही. कोपऱ्यात बसायचं आणि ठरावीक मिनिटांनी टिपायचं: आत्ता हा माणूस काही करतोय की नुसता बसलाय? कोणी त्याच्याशी बोलतंय का? त्याचा हात धरून त्याला काही करू देतंय का? तास-दोन तासांत जे कळतं ते जाडजूड फाइलीतून कळत नाही. अर्थात बाहेरचं कोणी आलं की माणसं सावध होतात. त्यामुळे न कळवता जावं, संध्याकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी जावं, पुन्हा पुन्हा जावं.

इंग्लंडमधल्या व्होर्लटन हॉल या रुग्णालयात बौद्धिक अक्षमता आणि ऑटिझम असलेली माणसं राहत होती. नियामकाने त्याला 'चांगले' ठरवलं होतं. 2019 मध्ये बीबीसीच्या छुप्या चित्रीकरणात तिथला छळ उघड झाला. पत्रकाराला तो दिसला, कारण ती कर्मचारी म्हणून तिथे पाळ्या करत होती.

अहवाल हाती आला की मी शेरा नंतर वाचते. तपासनीस कोणत्या वेळी गेले, किती वेळ थांबले आणि रहिवाशांपैकी कोणाशी, कसे बोलले, हे आधी शोधते.