‘मामा’ म्हणाला, पण कुणाला?

भाचा आठ महिन्यांचा होता तेव्हाची गोष्ट. सतरंजीवर पालथा पडून तो डब्याचं झाकण चाखत होता आणि मधेच अगदी स्पष्ट म्हणाला, “मा-मा-मा.” खोलीत मी एकटाच होतो, त्यामुळे मी लगेच कॉलर ताठ केली. बहीण स्वयंपाकघरातून ओरडली, “उगाच हुरळून जाऊ नकोस दादा, भूक लागलीय त्याला. मंमं मागतोय.” आमच्या आईचं म्हणणं तिसरंच. तो ‘माय’ म्हणतोय, ‘य’ अजून जमत नाही इतकंच. एका अक्षरावर आम्ही तिघांनी आपापला हक्क सांगितला आणि ज्याचं अक्षर होतं तो झाकण चाखत राहिला.

आम्ही तिघंही चुकत होतो. तो कुणालाच काही म्हणत नव्हता.

साधारण सहाव्या महिन्यानंतर बाळं अशी अक्षरांची माळ लावू लागतात. त्यात फार कसब नसतं. गळ्यातून आवाज सोडायचा आणि जबडा वर-खाली करायचा, की ओठ मिटतात, उघडतात आणि ‘बाबाबा’, ‘मामामा’ आपोआप तयार होतं. ‘र’ किंवा ‘ळ’ म्हणायला जिभेला कसरत करावी लागते, म्हणून मुलं बोलू लागल्यावरही बराच काळ ‘राम’चा ‘लाम’ करतात. ओठांच्या अक्षरांत जीभ नुसती पडून राहिली तरी चालतं. त्यातही ‘म’ची गंमत वेगळी. ओठ पूर्ण मिटलेले असले तरी त्याचा आवाज थांबत नाही, तो नाकातून येत राहतो. खात्री करायची असेल तर आत्ताच नाक चिमटीत धरा आणि ‘मामा’ म्हणा. ‘बाबा’ ऐकू येईल. सर्दी झालेला माणूस मामाला बाबा का करतो, ते यावरून कळतं.

जगात आज सुमारे ७००० भाषा बोलल्या जातात आणि त्यांतल्या बहुतेक सगळ्यांत ‘म’ आहे. ‘आ’ तर तोंड उघडलं की येतोच. तेव्हा ‘मा’ हे अक्षर जवळजवळ प्रत्येक भाषेच्या हाताशी असतं आणि बोलायला कष्ट नाहीत, म्हणून प्रत्येक भाषा ते कशासाठी तरी वापरून टाकते. कशासाठी, हे मात्र जिचं तिने ठरवलेलं असतं.

बाळाच्या ‘मामा’चा संबंध आईशी कसा जुळला असेल, याची एक उपपत्ती भाषाशास्त्रज्ञ रोमान याकबसन यांनी १९६० साली मांडली. बाळ दूध पीत असताना तोंड अडकलेलं असतं, त्यामुळे त्याला जो काही आवाज काढता येतो तो नाकातून, हुंकारासारखा. पुढे नुसतं अन्न दिसलं तरी तो हुंकार निघतो, मग भूक लागली की निघतो आणि शेवटी जी भूक भागवते तिला तो चिकटतो. म्हणजे आधी जेवण, मग आई. ही गोष्ट प्रयोगशाळेत तोलून सिद्ध करण्यासारखी नाही, पण मला ती पटते, कारण तिचे पुरावे घरोघरी सांडलेले आहेत. आपलं ‘मंमं’ घ्या. जपानी बाळांच्या बोलीत जेवणाला ‘मान्मा’ म्हणतात. लॅटिनमध्ये ‘मामा’ म्हणजे स्तन, आणि त्याच शब्दावरून निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७५८ मध्ये आपल्या सगळ्या सस्तन प्राण्यांच्या वर्गाला ‘ममेलिया’ हे नाव दिलं. तेव्हा त्या दिवशी बहीणच त्यातल्या त्यात बरोबर उत्तराच्या जवळ होती, हे मान्य करायला हवं.

याकबसन यांच्या हाताशी मानवशास्त्रज्ञ जॉर्ज मर्डॉक यांनी जमवलेली, जगभरच्या भाषांतल्या आईबापांच्या १०७२ नावांची यादी होती. आईसाठीच्या नावांपैकी ५५ टक्के नावं म, न, ङ अशा नाकातल्या अक्षरांची निघाली, वडिलांसाठीच्या नावांत असली फक्त १५ टक्के. कल आईकडे आहे हे उघडच. पण मला त्या १५ टक्क्यांचंच जास्त कुतूहल वाटतं.

काळ्या समुद्राच्या पूर्वेला जॉर्जिया नावाचा देश आहे. तिथल्या भाषेत ‘मामा’ म्हणजे वडील. आईला ‘देदा’ म्हणतात आणि मातृभाषा म्हणजे ‘देदा एना’. चर्चमधल्या पाद्रीला हाक मारायची तर ‘मामाओ’. मध्य ऑस्ट्रेलियातल्या पित्जंत्जत्जारा भाषेतही ‘मामा’ वडीलच. तिथली बाळं काही वेगळ्या बनावटीची नसतात. तीही आधी निरर्थक ‘मामामा’ करतात, फक्त तिथे वाटणी करणाऱ्या मोठ्यांनी तो तुकडा बापाच्या पदरात टाकला.

आपण तो आईच्या भावाला देऊन टाकला. तमिळ-तेलुगूतही ‘मामा’ आईचा भाऊच, पण तिकडे सासराही तोच. मामाची मुलगी करण्याची चाल असली की मामा आणि सासरा एकच होतात, मग दोन शब्द कशाला ठेवायचे? ही चाल महाराष्ट्रातही अनेक समाजांत आहे आणि तिची खूण आपल्या भाषेत शिल्लक आहे. जुन्या वळणाच्या घरांत सून सासऱ्यांना ‘मामंजी’ म्हणते. नंतर आपण हा शब्द इतका सैल सोडला की शाळेतला शिपाई मामा, चौकातला ट्रॅफिकवाला मामा, आकाशातला चांदोबाही मामा, आणि कुणी फसवलं तर आपलाच मामा होतो.

आतापर्यंतचे सगळे ‘मा’ बाळांच्या तोंडून आले. मोठ्यांच्या भाषेत मात्र हेच अक्षर इतर वाटांनीही येतं आणि तिथे आईचा काडीचा संबंध नसतो.

चिनी मँडरिनचंच बघा. सूर सोडून दिला तर त्या भाषेत अक्षरं जेमतेम चारशे आहेत. एवढ्यात सगळा संसार भागवायचा म्हणजे प्रत्येक अक्षराला अनेक कामं करणं भाग आहे आणि ती कामं सुरावरून ओळखायची. ‘मा’ उंच आणि सपाट धरला तर आई. खालून वर चढवला तर ताग-अंबाडीसारखी धाग्याची झाडं. दबवून पुन्हा उचलला तर घोडा. वरून खाली आपटला तर शिवी देणं, रागावणं. आपणही ‘आई?’ असं प्रश्नाने म्हणतो, ‘आई!’ असं दचकून म्हणतो, पण सूर बदलला म्हणून आईची मावशी होत नाही. मँडरिनमध्ये आईचा घोडा होतो. ‘आई घोड्याला रागावते’ हे वाक्य नुसते ‘मा’ वापरून म्हणता येतं आणि ती भाषा शिकणाऱ्यांकडून ते घोटून घेतात. लिपीतही ही गंमत दिसते. आईसाठीच्या चिन्हात डावीकडे ‘स्त्री’ असते आणि उजवीकडे चक्क घोडा. त्या घोड्याचं काम एवढंच, की हे ‘मा’सारखं वाचा असं सांगायचं.

थाई भाषेत सपाट ‘मा’ म्हणजे येणं, उंच ‘मा’ म्हणजे घोडा आणि चढता ‘मा’ म्हणजे कुत्रा. दारात कोण आलंय हे सूर नीट लागला तरच कळणार. व्हिएतनामीत सहा सूर आहेत आणि ‘मा’ सहाही घरांत नांदतो: भूत, गाल, पण, थडगं, घोडा आणि भाताचं रोप. गालाच्याच सुरात दक्षिण व्हिएतनाममध्ये आईला हाक मारतात. शेवटचं रोप म्हणजे चिखलणीनंतर लावायला काढतात ते, तळकोकणात ज्याला तरवा म्हणतात. यातला घोडा चिनीतून उसना आलेला आहे.

युरोपात या, की ‘मा’चे वेगळेच अवतार. इटालियनमध्ये ‘मा’ म्हणजे ‘पण’. मूळ लॅटिन शब्द ‘मागिस’, अर्थ ‘अधिक’. बोलता बोलता तो झिजला आणि पहिलं अक्षर तेवढं उरलं. हा ‘मागिस’ आपल्या ‘महा’चा लांबचा भाऊ आहे. फ्रेंचमध्ये ‘मा’ म्हणजे ‘माझी’, आणि त्यातला ‘म’ आपल्या ‘माझी’तल्या ‘म’शी खरोखर नात्याने जोडलेला आहे. लहान शब्द मुळात लहान असतातच असं नाही. पुष्कळदा ते वापरून गुळगुळीत झालेले मोठे शब्द असतात, नदीतल्या गोट्यांसारखे, आणि गोटे शेवटी एकमेकांसारखेच दिसू लागतात. फिनिश भाषेत ‘मा’ म्हणजे जमीन, हंगेरियनमध्ये आज, जपानीत दोन गोष्टींमधली मोकळी जागा.

अरबीत ‘मा’ म्हणजे ‘जे’ किंवा ‘काय’. आपल्याला ओळखीच्या ‘माशाल्ला’मधला पहिला ‘मा’ हाच: देवाने जे इच्छिलं ते. पण क्रियापदाआधी आला तर तोच ‘मा’ नकार होतो. ‘कतब’ म्हणजे त्याने लिहिलं, ‘मा कतब’ म्हणजे नाही लिहिलं.

संस्कृतातही ‘मा’ नकाराचा आहे, ‘नको’ अशा अर्थाचा. शिवाय मापण्याचा धातू ‘मा’, ज्यातून मात्रा, माप, प्रमाण हे शब्द आले. शिवाय ‘मला’ या अर्थाचा आखूड ‘मा’. आणि लक्ष्मीचं नावही ‘मा’. एवढी गर्दी झाली की भांडण ठरलेलंच. वाल्मीकींचा तो प्रसिद्ध श्लोक ‘मा निषाद’ असा सुरू होतो. क्रौंचाच्या जोडीतला एक पक्षी मारणाऱ्या निषादाला दिलेला तो शाप आहे: तुला कधीही प्रतिष्ठा न मिळो. पण आदिकाव्याचा आरंभ शापाने व्हावा हे काही भाष्यकारांना रुचेना. त्यांनी दोन शब्द जोडून ‘मानिषाद’ असा एक केला. मा म्हणजे लक्ष्मी, निषाद म्हणजे राहण्याची जागा, आणि लक्ष्मी जिथे राहते तो विष्णू. झाला शापाचा स्तुतिपाठ! अक्षर एकही बदललं नाही, मधली जागा तेवढी मिटली. अर्थ ओढूनताणून आणलेला आहे, पण हुशारीला दाद द्यायला हवी.

‘मा’वर मी थोडं वाचतोय म्हटल्यावर मला व्हॉट्सअॅपवर तो ठरलेला संदेश आलाच. माता, मदर, लॅटिन मातेर, चिनी मामा, सगळं सारखं, म्हणून जगातल्या सगळ्या भाषा संस्कृतातून निघाल्या. यातलं मातृ, मातेर आणि मदर हे नातं खरंच आहे. मात्र त्याचा पुरावा त्यातला ‘मा’ नव्हे. पुरावा आहे रांगेत. संस्कृत ‘पितृ’ला इंग्रजीत ‘फादर’, ‘पाद’ला ‘फूट’, ‘पंच’ला ‘फाइव्ह’, ‘पूर्ण’ला ‘फुल’. इथे प तिथे फ, आणि हे एका शब्दात नाही तर शब्दामागून शब्दात. असा नेम योगायोगाने जमत नाही. त्या रांगेत ‘मातृ–मदर’ उभं आहे म्हणून त्यावर विश्वास ठेवायचा. तेही संस्कृत ही आई आणि इंग्रजी ही लेक असं नव्हे, दोघी एका फार जुन्या भाषेच्या लेकी. चिनी ‘मामा’मागे असली रांग उभी करता येत नाही. त्याच्या मागे फक्त एक बाळ आणि त्याचे मिटलेले ओठ आहेत.

निव्वळ सारखेपणा किती फसवा असतो याचा अनुभव भाषाशास्त्रज्ञ आर. एम. डब्ल्यू. डिक्सन यांना १९६० च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या उत्तर क्वीन्सलँडमध्ये आला. म्बबरम ही तिथली, तेव्हाच विझत चाललेली आदिवासी भाषा. तिच्या उरलेल्या मोजक्या जाणकारांपैकी एकाला त्यांनी कुत्र्यासाठी शब्द विचारला. उत्तर मिळालं: ‘डॉग’. इंग्रजीतून उचलला असेल असं कुणालाही वाटेल. पण तो तिथलाच शब्द होता. शेजारच्या भाषेत कुत्र्याला ‘गुडगा’ म्हणतात. म्बबरममध्ये शब्दांचं पहिलं अक्षर गळून पडायचं आणि शब्द मुळात ‘ग’ने सुरू होत असला तर पुढच्या ‘अ’चा ‘ओ’ व्हायचा. ‘गुडगा’ला हे दोन्ही नियम लावा, शेवटचा ‘आ’ही गळाला की ‘डॉग’च उरतो. दोन भाषा, एकच आवाज, एकच अर्थ, आणि नातं शून्य.

आता चिनीतला एक ‘मा’ राहिला. त्याला स्वतःचा सूर नाही आणि तो वाक्याच्या शेपटाला येतो. ‘नी हाओ’ म्हणजे ‘तू बरा’. पुढे ‘मा’ लावला की प्रश्न: नी हाओ मा? याचं मूळ एका जुन्या नकारार्थी शब्दात आहे. ‘बरा आहेस, की नाही?’ यातला शेवटचा ‘नाही’ विरत विरत नुसती प्रश्नाची खूण उरली. आपल्या ‘येतोस ना?’ मधल्या ‘ना’चंही असंच झालंय. नकार कधीच निघून गेला, विचारणं राहिलं.

आणि मालवणी माणूस हाच प्रश्न कसा विचारतो? “बरो आसंस मां?”