मॉर्फिनची चिठ्ठी कोण लिहिणार?

कॅन्सर हाडांत पसरलेला रुग्ण रात्री दोनला कळवळायला लागतो, तेव्हा वॉर्डात बहुधा इंटर्न असतो. मोठे डॉक्टर सकाळी राऊंडला येणार. म्हणूनच पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे गंभीर आजारातल्या वेदना, धाप, मळमळ आणि धास्ती यांवरचे उपचार, फक्त तज्ज्ञांवर सोडून भागत नाही. या विषयाचं एमडी मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये २०१२ साली सुरू झालं. एमबीबीएसच्या २०१९पासूनच्या नव्या अभ्यासक्रमातही त्याला जागा मिळाली. पण कागदावरची जागा वेगळी आणि रात्री दोनला चिठ्ठी लिहिता येणं वेगळं.

चिठ्ठी अडते ती मॉर्फिनच्या, म्हणजे अफूपासून मिळणाऱ्या तीव्र वेदनाशामकाच्या, भीतीपाशी. अमली पदार्थांवरच्या १९८५च्या एनडीपीएस कायद्यानंतर परवान्यांचं जंजाळ इतकं वाढलं की अनेक रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. २०१४च्या दुरुस्तीने वाट सोपी केली. पण आज शिकवायला उभ्या असलेल्या अनेकांनी विद्यार्थिदशेत हे औषध हाताळलेलंच नव्हतं. ते काय शिकवणार?

खरं तर हे शिकायला फार वेळ लागत नाही. साध्या गोळीचा असर साधारण चार तास टिकतो, म्हणून ती घड्याळ लावून दर चार तासांनी द्यायची, कळ उठायची वाट बघायची नाही. मधेच कळ आलीच तर जादा डोस आधीच लिहून ठेवायचा. श्वास बंद पडेल ही सगळ्यांत मोठी धास्ती. पण लहान मात्रेपासून बेताबेताने वाढवत नेलं, तर सहसा श्वास मंदावण्याआधी गुंगी वाढते. नजर ठेवायची ती गुंगीवर. मूत्रपिंड अधू असेल तर मॉर्फिनपासून बनलेले घटक शरीरात साचतात, तिथे मात्रा आणि वेळ दोन्ही बदलावी लागतात. मळमळ बहुतेकांची काही दिवसांत ओसरते. बद्धकोष्ठ मात्र ओसरत नाही, त्यामुळे मॉर्फिनच्या खालच्याच ओळीत पोट साफ करणारं औषध हवं.

बोलणं शिकवणं याहून अवघड. आपल्याकडे मुलगा डॉक्टरांना कॉरिडॉरमध्ये गाठतो: “बाबांना काही सांगू नका हं.” अशा वेळी विद्यार्थी एक तर मान डोलावतो, नाही तर रुग्णाच्या हक्कांवर भाषण देतो. दोन्ही वाया. आधी मुलाला विचारायचं, की त्याला भीती कशाची वाटते, आणि बाबांना किती कळलंय असं त्याला वाटतं. मग सांगायचं, “मी आपणहून काही बोलणार नाही, पण त्यांनी विचारलं तर खोटंही सांगणार नाही.” वाईट बातमी सांगण्याची सहा पायऱ्यांची एक पद्धत २००० साली मांडली गेली. तिच्यातही सांगण्याआधी ऐकणं येतं: रुग्णाला काय ठाऊक आहे, किती जाणून घ्यायचंय. हे वाचून येत नाही. वर्गात एकाने मुलगा व्हायचं, एकाने डॉक्टर, बाकीच्यांनी बघायचं. बातमी सांगून झाल्यावरची शांतता बहुतेकांना सोसवत नाही आणि ते लगेच केमोचे तपशील सांगत सुटतात. तिथेच थांबवून पुन्हा करून घ्यायचं.

आणि परीक्षा! जे विचारत नाहीत ते आपल्याकडे कुणी वाचत नाही, हे प्रत्येक मेडिकल कॉलेजातलं उघड गुपित. त्यामुळे प्रॅक्टिकलला एका टेबलावर फक्त कोरी चिठ्ठी ठेवावी. रुग्ण सत्तरीचा, क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे मूत्रपिंड अधू, पाठीत असह्य वेदना, लिहा.