मसला (मुंबई)

मसला (अनेकवचन मसाइल) म्हणजे रोजच्या व्यवहारात एखाद्या मुसलमानाला पडलेला 'हे शरियतला चालते का?' असा प्रश्न. मुफ्तीने, म्हणजे धर्मकायद्याच्या जाणकाराने, त्यावर दिलेले उत्तर म्हणजे फतवा. वर्तमानपत्रांनी या शब्दाला फर्मानाचा वास लावून ठेवला आहे. प्रत्यक्षात फतवा हे मत असते आणि ते पाळायचे की नाही, हे विचारणाऱ्याच्या हाती असते. निवाडा करतो तो काझी. मुंबईत निकाह लावणाऱ्यालाही काझीच म्हणतात, म्हणून घोटाळा होतो.

लेखी प्रश्नाचा साचा जुना आहे. 'क्या फ़रमाते हैं उलमा-ए-दीन इस मसले में' अशी सुरुवात, आणि माणसांची नावे बहुधा अरबी फिकहच्या, म्हणजे धर्मकायद्याच्या, ग्रंथांतून उचललेली. नवरा झैद, त्याचा मित्र बकर, बायको हिंदा. झैद मुंब्र्यात भाड्याने राहतो आणि हिंदा तीन मुले घेऊन कुर्ल्याला माहेरी निघून जाते. उत्तराच्या शेवटी 'वल्लाहु आलम', म्हणजे अल्लाहच अधिक जाणे. हल्ली हे सारे व्हॉट्सॲपवरही चालते.

कोणाच्या दारात विचारले, यावरही उत्तर बदलते. शाफई आणि हनफी हे सुन्नी धर्मकायद्याचे दोन पंथ. कोकणी मुसलमान शाफई. मेमन आणि उत्तर प्रदेश-बिहारहून आलेले बहुतेक हनफी. बोहरा आपले धर्मगुरू सय्यदना यांची रजा (परवानगी) घेतात, शिया इस्नाअशरी आपापल्या मरजाचे, म्हणजे ज्येष्ठ धर्मपंडिताचे, ऐकतात. कोकणी घरात कोलंबीवरून प्रश्न पडत नाही. हनफी मतात मात्र पाण्यातले फक्त मासे हलाल, त्यामुळे कोलंबी मासा आहे की नाही इथूनच आलिमांचा (धर्मपंडितांचा) वाद सुरू होतो. गंभीर फरक निकाहात आहे. शाफई मतात सज्ञान मुलीच्या निकाहालाही वली, म्हणजे बापासारखा पालक, लागतो, हनफी मतात ती स्वतः निकाह करू शकते. 1864 मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे असेच प्रकरण आले होते. शाफई घरातल्या मुलीने हनफी मत स्वीकारून वडिलांच्या संमतीविना लग्न केले आणि न्यायालयाने ते वैध ठरवले.

पण मुंबईचा खास मसला घराचा. 'हेवी डिपॉझिट'वर घर घेतले, म्हणजे समजा पाच लाख मालकाकडे ठेवले, भाडे शून्य, घर सोडताना पाच लाख परत. दोघेही खूश. मुफ्तींचे म्हणणे असे, की ही रक्कम मुळात कर्ज आहे आणि कर्जाच्या बदल्यात फुकट राहणे म्हणजे सूदच, हराम व्याज. शंभर-दोनशे रुपये नाममात्र भाडे लावण्याची पळवाट अनेकांना सुचते. बरेच मुफ्ती तीही बंद करतात, भाडे बाजारभावाचे हवे म्हणतात. हे ऐकून माणूस घरी जातो, ते बऱ्याचदा डिपॉझिटच्याच घरी.

दुसरा गुंता वारशाचा. बाप 'ही खोली धाकट्याची' असे तोंडी सांगून जातो. हिबा, म्हणजे हयातीत दिलेली देणगी, पुरा व्हायला तीन गोष्टी लागतात: देणाऱ्याने जाहीर करणे, घेणाऱ्याने स्वीकारणे आणि ताबा. असा तोंडी हिबा नोंदणीविनाही चालतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये मान्य केले. पण दहा बाय बाराच्या खोलीत बाप शेवटपर्यंत त्याच खाटेवर झोपत असेल, तर ताबा दिला कधी? हिबा टिकला नाही की वाटणी. मागे विधवा, दोन मुलगे, एक मुलगी असतील, तर खोलीचे 40 हिस्से धरायचे: विधवेला 5, मुलग्यांना 14-14, मुलीला 7. खोली पगडीची, म्हणजे जुन्या भाडेहक्काची, असेल तर आणखी पंचाईत. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार भाडेकरूच्या मृत्यूनंतर भाडेहक्क आधी त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयांकडे जातो. सासरी गेलेली मुलगी त्यात बसत नाही. तिचे ते 7 हिस्से मग भावांच्या मर्जीवर.

मुसलमानांचे विवाह, तलाक, मेहर, वारसा हे विषय 1937 च्या शरियत कायद्याखाली येतात. फतव्याला कायद्याचे बळ नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये स्पष्ट केले. एका दमातल्या तीन तलाकाविरुद्ध हमीद दलवाई यांच्या पुढाकाराने सात स्त्रिया 18 एप्रिल 1966 रोजी मुंबईत सचिवालयावर चालून गेल्या होत्या. तो तलाक रद्द व्हायला 22 ऑगस्ट 2017 उजाडला, आणि 2019 च्या कायद्याने तो गुन्हा ठरला. तरी रागात तीनदा तलाक म्हटल्याचे प्रश्न मुफ्तींकडे येतातच. कायद्याने लग्न शाबूत. बहुतेक हनफी मुफ्तींच्या मते मात्र ते तुटलेले. उलटही घडते: 1939 च्या कायद्याखाली बाईला कोर्टातून घटस्फोट मिळतो, पण काही आलिमांना बिगरमुस्लिम न्यायाधीशाचा निकाल पुरेसा वाटत नाही. म्हणून दुसऱ्या निकाहाआधी काही बायका कोर्टाच्या हुकूमनाम्याला दारुल कझाचा, म्हणजे शरियत पंचायतीचा, फस्खनामा (निकाह मोडल्याचा कागद) जोडून ठेवतात.