अस्मानी, सुलतानी आणि ईश्वरचरणी प्रार्थना

कोकणात दरड कोसळली, पूल वाहून गेला किंवा बोट बुडाली की काही तासांतच पुढाऱ्यांचे शोकसंदेश येऊ लागतात आणि त्यांतले शेवटचे वाक्य बहुधा ठरलेले असते: 'मृतांच्या आत्म्यास सद्गती लाभो आणि त्यांच्या कुटुंबीयांना हे दुःख सहन करण्याची शक्ती मिळो, हीच ईश्वरचरणी प्रार्थना.' हे वाक्य खोटे असते असे मी म्हणणार नाही. आपल्या भाषेत शोकाचा शब्दच 'श्रद्धांजली' आहे आणि ज्यांना देवाचे नाव घ्यायचे नसते ते जाणीवपूर्वक 'आदरांजली' लिहितात. मात्र राज्यकर्ता जेव्हा देवाचे नाव घेतो, तेव्हा त्या नावाचे काम सामान्य माणसाच्या प्रार्थनेपेक्षा निराळे होते, आणि हे काम नेमके कोणते, याला बराच जुना इतिहास आहे.

मराठीने या प्रश्नासाठी शिवकाळापासून एक जोडशब्द जपून ठेवला आहे. अवर्षण, अतिवृष्टी, टोळधाड असे जे आभाळातून येते ते अस्मानी. फौजेची लूट, जुलमी वसुली, कारभाऱ्याचा हलगर्जीपणा असे जे सत्तेकडून येते ते सुलतानी. रयतेचे दोन्हींत सारखेच नुकसान होते, पण दाद कुणाकडे मागायची हे या फरकावर ठरते. संकटानंतर सत्तेच्या तोंडी आलेली देवाची भाषा तपासताना मला हीच कसोटी उपयोगी वाटते: त्या भाषेने सुलतानी गोष्ट अस्मानीच्या खात्यात ढकलली गेली का?

दक्षिण कोकणात देवाशी बोलण्याची एक सार्वजनिक रीत आहे, ती इथे जवळून पाहण्यासारखी आहे. रवळनाथाच्या, सातेरीच्या किंवा वेतोबाच्या देवळात गाव जमतो, मानकरी पुढे होऊन हात जोडतो आणि मोठ्याने गाऱ्हाणे घालू लागतो. प्रत्येक मागणीला मागचे सगळे 'व्हय म्हाराजा!' अशी साथ देतात. त्यात संकटाचे नाव घेतात, कुणासाठी काय हवे ते सांगतात आणि हमखास एक ओळ येते: 'लेकरांच्या हातसून काय चुकलामाकला असात तर ता पोटात घाल.' म्हणजे गाऱ्हाण्यात मागणे आणि चुकीची कबुली एकाच दमात होतात आणि दोन्हींना सगळा गाव साक्षी असतो. शोकसंदेशातली प्रार्थना याच घराण्यातली आहे, पण तिच्यात ही ओळ नसते. गाऱ्हाणे ऐकत वाढलेल्या माणसाला ती उणीव लगेच जाणवते.

आपत्तीचे कारण देव की माणूस, या प्रश्नावर राज्यसत्ता आणि धर्मपीठ यांची उघड झुंज झाली ती पोर्तुगालच्या राजधानीत, लिस्बनमध्ये, आणि तिचे पडसाद आपल्या किनाऱ्यापर्यंत आले. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, लोक चर्चमध्ये असतानाच भूकंप झाला. पाठोपाठ समुद्र आत आला आणि आग लागली. गाब्रिएल मालाग्रिदा या जेझुइट (एका कॅथलिक धर्मसंघाच्या) धर्मोपदेशकाने हा पापाचा दंड असल्याचे छापून सांगितले आणि लोकांनी पश्चात्तापाला बसावे असा आग्रह धरला. पुढे पोंबालचा मार्किस म्हणून ओळखला गेलेला मंत्री तेव्हा शहर पुन्हा उभारण्याच्या खटपटीत होता. त्याने राज्यातील धर्मग्रामांकडे, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतल्या धर्मगुरूंकडे, प्रश्नावली पाठवली: धक्का किती वेळ टिकला, किती धक्के बसले, किती माणसे मेली. ही प्रश्नावली मला त्या साऱ्या प्रकरणातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते, कारण तिची उत्तरे त्याच धर्मगुरूंना द्यायची होती. पोंबालचे हात मात्र स्वच्छ नव्हते. १७५९ मध्ये त्याने जेझुइटांना पोर्तुगीज मुलखातून हाकलले, त्यात गोवाही आला, आणि १७६१ मध्ये मालाग्रिदाला जाहीरपणे मारण्यात आले. वसई १७३९ मध्ये आणि चौल-रेवदंडा १७४० मध्ये पोर्तुगीजांच्या हातून गेले होते, म्हणून उत्तर कोकण या उलथापालथीपासून थोडक्यात बाहेर राहिले.

आपल्याकडची अशी झुंज १९३४ची. १५ जानेवारीला बिहारमध्ये भूकंप होऊन हजारो माणसे दगावली. गांधीजी तेव्हा अस्पृश्यतानिवारणाच्या दौऱ्यावर दक्षिणेत होते आणि तिरुनेलवेलीच्या सभेत त्यांनी सांगितले की हा अस्पृश्यतेच्या पापाबद्दल ईश्वराने केलेला दंड आहे. रवींद्रनाथांना हे सहन झाले नाही. भौतिक आपत्तीची कारणे भौतिकच असतात, आणि हाच युक्तिवाद गांधीजींच्या विरोधकांच्या तोंडी अधिक शोभेल, असे त्यांनी लिहिले; भूकंपाचे खापर ते विरोधक गांधीजींच्याच चळवळीवर फोडू शकत होते. गांधीजींनी १६ फेब्रुवारीच्या 'हरिजन'मध्ये आपल्या श्रद्धेवर ठाम राहून उत्तर दिले. नेहरूंनीही पुढे आपली नाराजी लिहून ठेवली.

या वादात मी रवींद्रनाथांच्या बाजूचा आहे, तरी कोकणातून पाहताना गांधीजींच्या विधानाची दुसरी बाजूही दिसते. त्याआधी सातच वर्षे, २० मार्च १९२७ रोजी, महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेब आंबेडकरांनी आणि त्यांच्यासोबतच्या हजारो माणसांनी ओंजळीत घेतले होते, आणि नंतर गावच्या सवर्णांनी पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून तळे 'शुद्ध' केले होते. गांधीजी ज्या पापाबद्दल बोलत होते ते इथे असे डोळ्यांदेखत घडले होते. त्यांनी देवाचे नाव घेतले ते दोष स्वतःच्या समाजाच्या पदरात घालण्यासाठी. गाऱ्हाण्यातली 'चुकलामाकला'ची ओळ त्यांच्याकडे होती, पण ढिगाऱ्याखाली सापडलेल्या माणसांचा त्या पापाशी काय संबंध, या प्रश्नाला त्यांच्यापाशी उत्तर नव्हते.

कोकणच्या स्वतःच्या स्मरणातली सर्वांत मोठी जखम १७ जुलै १९४७ची. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट वाटेत बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. कोकणकिनाऱ्यावरच्या या देशी आगबोटींना बऱ्याचदा संतांची नावे दिलेली असत. 'तुकाराम' आणि 'जयंती' या बोटी १९२७च्या नोव्हेंबरात एकाच दिवशी बुडाल्या होत्या. 'रामदास'बद्दल आजही किनाऱ्यावर पहिले वाक्य ऐकू येते ते 'अमावास्येला बोट सोडली होती' हे. दिवस आषाढी अमावास्येचा होता हे खरे, पण भर पावसाळ्यात उधाणलेल्या दर्यात खच्चून भरलेली बोट सोडणे आणि लाट आदळल्यावर माणसे एका बाजूला लोटून ती कलंडणे, यांत अमावास्येचा वाटा किती होता? ज्यांच्या घरची माणसे गेली त्यांनी तिथीला दोष दिला तर तो त्यांचा हक्क आहे. परवाने देणाऱ्या आणि बोटी तपासणाऱ्या सत्तेला तो हक्क नाही.

त्यानंतर सहा महिन्यांनी, ३० जानेवारी १९४८ च्या रात्री, नेहरूंनी आकाशवाणीवरून गांधीहत्येची बातमी देशाला सांगितली. त्या भाषणात त्यांनी एक अगदी साधी सूचना केली: दुसरा दिवस सर्वांनी उपवासाचा आणि प्रार्थनेचा पाळावा, आणि दुपारी चारला, दहनाच्या वेळी, लोकांनी नदीवर किंवा समुद्रावर जाऊन प्रार्थना करावी. स्वतः कर्मकांडापासून दूर असलेल्या माणसाने ही सूचना केली हे लक्षात घ्यायला हवे. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहणाऱ्या किनाऱ्याला समुद्रासमोर हात जोडणे कुणी शिकवायला नको होते. त्याच भाषणात रागाच्या भरात कुणीही गैरवर्तन करू नये अशी बजावणी होती. म्हणजे प्रार्थना ही इथे क्रोधाला घातलेली वेसण होती. महाराष्ट्रात ती वेसण तुटली आणि अनेक गावांत ब्राह्मणांची घरे जाळली गेली. तरी नेहरूंनी देवाच्या नावावर कुणाचा दोष झाकला नव्हता आणि शासनाचे कोणते काम देवावर सोपवलेही नव्हते.

परदेशांत ही परंपरा वेगवेगळ्या वाटांनी गेली. अमेरिकेत लिंकनने ३० एप्रिल १८६३ हा राष्ट्रीय उपवासाचा दिवस जाहीर करताना यादवी युद्ध हा राष्ट्राच्या पापांचा दंड असू शकेल असे म्हटले होते. दीडशे वर्षांनी तिथल्याच नेत्यांची गोळीबारानंतरची 'आमच्या प्रार्थना तुमच्यासोबत आहेत' ही ओळ इतकी पोकळ वाटू लागली की डिसेंबर २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या एका दैनिकाने, देव हे दुरुस्त करणार नाही, असा मथळा पहिल्या पानावर छापला. न्यूझीलंडमध्ये १५ मार्च २०१९ रोजी मशिदींत ५१ माणसे मारली गेल्यावर तिथल्या संसदेत कुराणपठण झाले, पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी भाषणाची सुरुवात सलामाने केली आणि काही आठवड्यांतच बंदुकांचा कायदा बदलला.

सत्ता आणि श्रद्धा यांचा सर्वांत अवघड प्रसंग आपल्या किनाऱ्याने १९९३ मध्ये पाहिला. श्रीवर्धन तालुक्यातील शेखाडी आणि जवळच्या दिघी या बंदरांवर उतरलेली स्फोटके १२ मार्चला मुंबईत वापरली गेली आणि २५७ माणसे मेली. दोन महिन्यांपूर्वीच्या दंगली अजून ताज्या होत्या. मुख्यमंत्री शरद पवार यांनी दूरदर्शनवर घडलेल्या स्फोटांत आणखी एका, मुस्लिम वस्तीतल्या मशीद बंदरच्या, स्फोटाची भर घातली. आपण ते मुद्दाम, दंगल पेटू नये म्हणून सांगितले, अशी जाहीर कबुली त्यांनी नंतर स्वतःच दिली. त्यांनी श्रद्धेचा उच्चार केला नव्हता, पण लोक आपल्या धर्माच्या नावावर काय करू शकतात याचा पुरता हिशेब त्या एका वाक्यात होता. सत्तेने खोटे बोलू नये असे मी मानतो, आणि तरीही त्या रात्री आपण काय केले असते याचे उत्तर मला सहज देता येत नाही.

अलीकडच्या काळात 'देवाची करणी' या शब्दांना पैशांचे वजन आले आहे, कारण करारांत आणि विम्यात त्यांचा अर्थ 'जबाबदारी नाही' असा होतो. ३१ मार्च २०१६ रोजी कोलकात्यात बांधकाम चालू असलेला उड्डाणपूल कोसळला तेव्हा कंत्राटदार कंपनीच्या अधिकाऱ्याने ही देवाची करणी असल्याचे म्हटले, आणि पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी प्रचारसभेत ही देवाची नव्हे, फसवणुकीची करणी आहे असा टोला हाणला. अस्मानी आणि सुलतानी यांतला फरक इतक्या स्पष्टपणे क्वचितच कुणी सांगितला असेल. २७ ऑगस्ट २०२० रोजी मात्र केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी कोविडला तेच नाव दिले. राज्यांच्या जीएसटी वसुलीतली तूट २.३५ लाख कोटी रुपयांची अंदाजली होती आणि त्यांपैकी ९७ हजार कोटी सोडून बाकीची महामारीच्या खात्यावर दाखवली होती. भरपाई कुणी द्यायची हा वाद त्या एका शब्दाभोवती फिरत राहिला. त्याच महिन्यात कोकणात गणपतीला येणारे चाकरमानी दहा दिवसांच्या विलगीकरणाच्या नियमाने हैराण झाले होते. पुढे ऑक्टोबरात देवळे उघडण्यावरून राज्यपाल भगतसिंह कोश्यारी आणि मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्यात पत्रयुद्ध झाले. कोण किती हिंदू, यावर त्यात जेवढी शाई खर्च झाली, तेवढी रुग्णालयांतल्या खाटांवर झाली नाही.

श्रद्धेची खरी गरज कुठे असते ते तळियेत दिसले. महाड तालुक्यातल्या या वाडीवर २२ जुलै २०२१ रोजी डोंगर आला आणि ८०हून अधिक माणसे गेली. सुमारे दहा वर्षे आधी, २०११ मध्ये, माधव गाडगीळ समितीने पश्चिम घाटाच्या पर्यावरणसंवेदनशीलतेबद्दलचा अहवाल केंद्राला दिला होता. तळियेत काही दिवसांनी गावकऱ्यांच्या संमतीने शोध थांबवण्यात आला आणि बेपत्ता माणसांना मृत घोषित करण्यात आले. देह सापडला नाही तर कोकणात पालाशविधी, म्हणजे पळसाच्या पानांचा प्रतीकात्मक देह करून अंत्यसंस्कार, करतात, आणि 'रामदास'च्या वेळीही कित्येक घरांतली माणसे समुद्राने परत दिली नव्हती. मृत घोषित होणे ही अशा घरांसाठी सरकारी मदतीची आणि अंत्यविधीची, दोन्हींची पहिली पायरी असते. तिथे सत्ता आणि श्रद्धा यांचे काम खरोखरच एकमेकांत मिसळते.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर, ठाकरांच्या वस्तीवर, दरड आली. तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे पावसात डोंगर चढून तिथे गेले. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसे सापडली नाहीत, आणि २३ जुलैला शोध थांबवून ती जागा तशीच ठेवण्यात आली. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे सरकारने त्याच आठवड्यात विधिमंडळात सांगितले.