इंधनदाब कमी पडणे (मॉडिफाय केलेल्या मोटारीतील निदान)

टाकीतला पंप इंजेक्टरपर्यंत (इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या नोझलपर्यंत) जे पेट्रोल लोटतो, त्याचा दाब ठरलेल्या मापाखाली जाणे म्हणजे इंधनदाब कमी पडणे. बहुतेक एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेल्या) गाड्यांत हा दाब ३ ते ४ बार असतो. नेमका आकडा त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्यावा. इंजेक्टरमधून पडणारे पेट्रोल दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते. त्यामुळे ३ बारचा दाब २.५ वर आला की पेट्रोल सुमारे ९ टक्क्यांनी घटते. साध्या गाडीत ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) एवढी तूट बऱ्याचदा भरून काढतो. टर्बो बसवलेल्या किंवा रिमॅप केलेल्या (ईसीयूचे प्रोग्रॅमिंग बदललेल्या) इंजिनात मात्र भर लोडवर मिश्रण लीन होते म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते, नॉकिंग (अवेळी पेट घेऊन ठोके बसणे) सुरू होते आणि प्रकरण पिस्टनवर जाते.

खानदेशात बाहेरून टर्बो बसवलेली गाडी क्वचित. जळगाव, धुळे, नंदुरबारकडे मॉडिफाय गाडी म्हणजे बहुधा बाहेरून सीएनजी किट लावलेली; वर डिक्कीत अॅम्प्लिफायर, जादा दिवे, मोकळा एअर फिल्टर. यातले किट पंपाच्या मुळावर येते, तेही आडवळणाने. पंपाला थंड ठेवते ते त्याच्याभोवतीचे पेट्रोलच. गॅसवर गेल्यावर पंप बंद करणारा रिले (विजेवर चालणारा स्विच) लावलेला नसेल, तर पेट्रोल लागत नसतानाही पंप फिरतच राहतो. त्यात टाकीत ‘स्टार्टिंगपुरते’ दोन-तीन लिटर ठेवायची सवय. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तेव्हा उघडा पडलेला पंप तापून झिजतो. तळाचा गाळ पंपाच्या जाळीत बसतो तो वेगळाच.

लक्षण ठरलेले असते. गाडी गावात ठीक चालते, पण चाळीसगावहून कन्नड घाट चढू लागली की ओढत नाही, झटके मारते आणि सपाटीला लागली की पुन्हा सुरळीत. स्कॅनरवर पी०१७१ हा बिघाडाचा कोड दिसला म्हणून लगेच पंप बदलू नये; तो कोड फक्त मिश्रण लीन आहे एवढेच सांगतो. स्कॅनरवर फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतो-घटवतो तो आकडा, पाहावा. आयडलला (रेस न देता इंजिन चालू असताना) ट्रिम जास्त आणि रेस दिल्यावर उतरत असेल, तर कुठून तरी हवा ओढली जात आहे, बहुधा नव्या इनटेकच्या (हवा आत नेणाऱ्या पाइपच्या) क्लॅम्पमधून. आयडलला ठीक आणि लोडवर चढत असेल, तर संशय पेट्रोलवर घ्यावा.

मग दाब मोजणारे गेज. रेलवर (इंजेक्टरना पेट्रोल वाटणाऱ्या नळीवर) तपासणीचा व्हॉल्व्ह नसेल तर टी-जोड लावून बसवावे लागते. त्याआधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवावे, म्हणजे लाइनमधला दाब उतरतो. काम सावलीत, थंड इंजिनावर आणि अग्निशामक हाताशी ठेवून करावे. जीडीआय इंजिनाच्या (ज्यात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते) उच्चदाब बाजूला हे गेज लावूच नये. तिथला दाब शंभर बारच्याही वर जातो.

व्हॅक्यूम नळीचा रेग्युलेटर (दाब ठरलेल्या मापावर राखणारा भाग) असेल, तर नळी काढल्यावर दाब साधारण अर्ध्या बारने वाढायला हवा. टर्बोवर बूस्टइतकीच (टर्बोने हवेला दिलेल्या जादा दाबाइतकीच) वाढ हवी: ०.७ बार बूस्टला ३ चे ३.७. रिटर्नची (जादा पेट्रोल टाकीत परत नेणारी) रबरी नळी क्षणभर दाबून पाहावी. काटा झटकन वर गेला तर पंपात दम आहे, रेग्युलेटर गळतो. हलला नाही, तर दोष पंप, जाळी, फिल्टर किंवा वायरिंगचा. आयडलला उभ्या गाडीत घेतलेल्या रीडिंगवर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही. तेवढ्या कामाला मरायला टेकलेला पंपही पुरतो. गेजची लांब नळी काचेपर्यंत आणून, सोबत दुसरा माणूस घेऊन, चढावर रीडिंग घ्यावे. गेज किंवा पेट्रोलची नळी केबिनमध्ये मात्र घेऊ नये.

पंप बदलण्याआधी मल्टीमीटर लावावा, आणि तो पंपाच्या कनेक्टरवरच, पंप चालू असताना. बॅटरीवर १३.८ व्होल्ट आणि पंपाशी ११ असतील, तर नवा पंपही तसाच रडेल. बाहेरच्या जोडकामात मूळ वायर सोलून, पीळ देऊन, टेप गुंडाळलेला जोड हमखास सापडतो. उष्णतेने टेपचा डिंक सुटतो, आत तांबे हिरवे पडते. अर्थिंगची बाजूही तपासावी: पंपाची निगेटिव्ह वायर आणि बॅटरीची निगेटिव्ह यांत अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक दिसला तर अर्थ साफ करावा. मोठा पंप बसवला असेल तर त्याला रिलेवरून जाड, स्वतंत्र वायर द्यावी. मात्र जुनी रिटर्न लाइन अरुंद असेल, तर मोठ्या पंपाने उलट आयडलला दाब जास्त होतो.

गाडी बंद केल्यावर दाब लगेच शून्यावर येणे हा वेगळा आजार. पंपातला चेक व्हॉल्व्ह (पेट्रोल मागे येऊ न देणारा), रेग्युलेटर किंवा ठिबकणारा इंजेक्टर यांपैकी एक गळतो. सकाळी सेल्फ बराच वेळ मारावा लागतो, पण घाटात गाडी ओढते.

ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेले) पेट्रोल जुन्या पेट्रोलापेक्षा काही टक्के जादा लागते, त्यामुळे आधीच काठावर चालणारा पंप त्यावर लवकर उघडा पडतो.